शेवटच्या नावाला आलेला मेसेज

डोळ्यांना न दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीसाठी माणसाने इतरांना किती वेठीस धरावे? हा प्रश्न समोर ठेवून मी हे लिहायला बसले आहे. प्रश्न मला आमच्या सरांमुळे पडला, तेव्हा त्याचे उत्तरही सरांविषयी लिहूनच शोधावे लागेल.

केजला बसस्थानकासमोर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर सरांचे संगणक प्रशिक्षण केंद्र होते. मी तिथे काही वर्षे शिकवत होते. खालून खतांचा उग्र वास येई, वर पंखे घरघरत, आणि वर्गात शिरताच सरांचे ठरलेले वाक्य ऐकू येई, "दिसत नाही ते आधी दाखवा."

या वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा होता. संगणकावर आपण ज्यात साधा मजकूर टाइप करतो त्या एडिटरमध्ये न दिसणाऱ्या खुणा दाखवण्याची सोय असते. दोन शब्दांमधली मोकळी जागा मग ठिपक्यासारखी दिसते आणि ओळ जिथे संपते तिथे बारीकशी खूण उमटते. केंद्रातल्या प्रत्येक संगणकावर ही सोय कायम चालू असे. नव्या विद्यार्थ्यांना त्याचा त्रास होई.

"सर, अक्षरांत मुंग्या झाल्यात," असे एकदा कुणीतरी म्हणाले.

"मुंग्या पहिल्यापासून होत्या," सर म्हणाले. "तुम्ही आज पाहिल्या."

सर हे सगळे न हसता बोलत. भर एप्रिलातही त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांची बटणे मनगटापर्यंत लावलेली असत. ते विद्यार्थ्याच्या पाठीमागे येऊन उभे राहत आणि पडदा पाहत. पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू आला की चांगल्या टाइप करणाऱ्याची बोटे अडखळू लागत. मी त्यांची सहकारी होते, तरी फळ्यावर लिहिताना ते मागच्या बाकावर येऊन बसले की लिहिलेली ओळ मी पुसून पुन्हा लिहीत असे.

सांगितलेली गोष्ट त्यांनी कधी जशीच्या तशी मानली नाही. एसटीत चढण्यापूर्वी ते कंडक्टरला विचारत, "ही बीडला जाते ना?" आणि मग खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशालाही तेच विचारत. कंडक्टर चिडून म्हणे, "ओ सर, बोर्ड हाय की समोर!" त्यावर सर शांतपणे म्हणत, "बोर्ड कालचाही असू शकतो." चहावाला तर सरांच्या तोंडावरच म्हणायचा, "सरांच्या घरी दिवस उगवला तरी शेजारच्या दोघांला इचारूनच दार उघडतेत." सर त्याच्याकडून कप घेत, चमच्याने तळ ढवळून साखर खरोखरच घातली आहे का ते पाहत आणि मगच पहिला घोट घेत.

ओळीच्या शेवटाचा पाठ मात्र ते जीव तोडून शिकवत. त्यासाठी कोपऱ्यात एक जुने मराठी टंकलेखन यंत्र ठेवले होते. ओळ संपली की त्या यंत्रावर दोन कामे करावी लागतात. कागद धरणारी गाडी ढकलून टंकन पुन्हा डाव्या कडेशी आणायचे, हे एक; आणि रूळ फिरवून कागद एक ओळ वर सरकवायचा, हे दुसरे. संगणकाने ही दोन्ही कामे दोन अदृश्य खुणांच्या रूपाने उचलली. विंडोज ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा लिहिते. लिनक्स त्यांतली दुसरी एकच लिहिते. त्यामुळे विंडोजच्या पद्धतीने जतन केलेली फाइल लिनक्सच्या पद्धतीच्या प्रोग्रामने वाचली, तर जास्तीची खूण त्याला ओळीतल्या शेवटच्या शब्दाचाच भाग वाटते. माणसाच्या डोळ्याला मात्र दोन्ही फाइली अगदी सारख्या दिसतात.

"कोणती पद्धत चांगली, हा प्रश्न नाही," सर म्हणत. "वाचणाऱ्याला कोणती हवी, ते विचारा. आणि जतन करताना तीच निवडा."

या पाठाच्या परीक्षेत त्यांनी एका मुलीला नापास केले होते. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील चौसाळ्याहून आले आणि दारातूनच त्यांनी आवाज चढवला.

"पोरीनं समदं बरुबर लिव्हलंय म्हनं. मग नापास कावून?"

सरांनी पडद्यावर तिची फाइल उघडली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी असलेली जास्तीची खूण दाखवली. वडील वाकून पाहत राहिले.

"ह्ये तर कुनालाच दिसत न्हाई."

"म्हणून तर परीक्षा घ्यावी लागते," सर म्हणाले.

ती मुलगी जिन्यात उभी राहून रडत होती. त्या दिवशी मला सरांचा मनापासून राग आला. एवढ्याशा खुणेसाठी कुणाच्या लेकीला रडवावे का? माझ्या प्रश्नाचा जन्म त्या जिन्यात झाला.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. त्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

आमच्या भागात एक पाणी वापर संस्था आहे. उन्हाळ्यात बंधाऱ्यातून नदीला पाणी सोडायचे ठरले की खालच्या लोकांना आधी कळवावे लागते. कुणाची पाणी उपसायची मोटार नदीपात्रात असते, कुणाचे पाइप असतात. शिवाय कोरड्या पात्रात धनगरांचे वाडे बसलेले असतात. वाडा म्हणजे वाघर, म्हणजे जाळे, लावून आत बसवलेली मेंढरे आणि शेजारी कुटुंबाचा संसार. पूर्वी गावोगाव दवंडी दिली जाई. पुढे सरांनी संस्थेला एक सोय करून दिली. केंद्रातल्या कोपऱ्यात त्यांनी सिमकार्ड घातलेला एक जुना लिनक्स संगणक बसवला. नावे आणि मोबाइल क्रमांक असलेली फाइल त्यात टाकून बटण दाबले की प्रत्येक क्रमांकावर मेसेज जाई. मेसेज जाऊ लागले तशी दवंडी बंद पडली. त्या क्रमांकावरून मेसेज आला म्हणजे पाणी येणार, हे वाचता न येणाऱ्यांनाही ठाऊक झाले होते.

संस्थेचे सचिव अण्णा गोड बोलणारे, उत्साही गृहस्थ. त्या उन्हाळ्यात त्यांनी विंडोजचा नवा संगणक घेतला होता. बिरूमामा धनगर बाजारच्या दिवशी केजला येत, आपला मोबाइल आमच्या टेबलावर चार्जिंगला लावत आणि बाजार करायला खाली उतरत. घरात मोबाइल तेवढा एकच. नदीपात्रातल्या वाड्यावर त्या दिवशी त्यांची बायको गोदाक्का एकटी होती. लेक मोठा कळप घेऊन माळावर गेला होता आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या व त्यांची कोकरे तिच्याजवळ होती.

दुपारी अण्णा पेन ड्राइव्ह घेऊन आले. सर आतल्या खोलीत वर्ग घेत होते. अण्णांनी फाइल टाकली, बटण दाबले आणि क्षणभरात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला.

"सुटला बघा मेसेज, मॅडम!" त्यांनी तो मला दाखवला. "तीनला गेट उघडनार. दत्तूला, मामाला, समद्यांला गेला."

आतून सरांचा आवाज थांबला. ते दारात येऊन उभे राहिले.

"मामांचा फोन वाजला नाही," ते म्हणाले.

टेबलावर चार्जरला लावलेला मामांचा मोबाइल निपचित पडला होता.

"त्याला रेंज नसंल," अण्णा म्हणाले.

सरांनी तो उचलून पाहिला. "रेंज पूर्ण आहे."

"मग येईल की पाच मिनिटांत. सर, तुमी उगंच फिकर करता. माझा वाजला न्हवं का?"

"बाई," सर माझ्याकडे वळले, "यादीतल्या कोणत्याही मधल्या नावाला फोन लावा."

मी लावला. पलीकडचा शेतकरी म्हणाला, "मेसेज? कशाचा मेसेज?" दुसऱ्यानेही तेच विचारले. अण्णांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्यांनी गेटवरच्या चौकीदाराला फोन लावला. रिंग जात होती, पण कुणी उचलत नव्हते. चौकीदार गेटच्या चाकाशी गेला की मोबाइल चौकीतच ठेवतो, हे अण्णांना माहीत होते.

तेवढ्यात बिरूमामा जिना चढून आले. हातात मेंढ्यांच्या औषधाची पिशवी होती. आमचे चेहरे पाहून ते दारातच थबकले.

"काय झालं?"

अण्णांनी सांगितले. मामांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"तीनला? आन् गोदी? गोदी पातरात हाय, अण्णा! येकली हाय!"

सर तोवर लिनक्सच्या संगणकासमोर बसले होते. त्यांनी अण्णांची फाइल उघडली आणि अदृश्य खुणा चालू केल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी, मोबाइल क्रमांकाला चिकटून, ती जास्तीची खूण उभी होती. प्रोग्रामला प्रत्येक क्रमांकात एक परके अक्षर दिसत होते आणि तो मुकाट्याने तो क्रमांक टाकून देत होता. फक्त अगदी शेवटची ओळ स्वच्छ होती, कारण तिच्यानंतर कुणी एंटर दाबलेच नव्हते. ती ओळ अण्णांची होती.

"गुर्जी, त्ये काय बघत बसलाव!" मामा ओरडले. "गाडी काढा! चला!"

"मोटारसायकलने पोचेपर्यंत पाणी पोचलेले असेल," सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "तरी तुम्ही निघा. अण्णा, यांना घेऊन जा. मी इथून उठणार नाही."

"न्हाई उठनार?" मामांनी सरांच्या खुर्चीची पाठ गच्च धरली. "तुमची बायकू हाय का तितं? तुमची न्हाई म्हनून बसलाव व्हय?"

सरांची बोटे कीबोर्डवर फिरत राहिली. अण्णांनी मामांना दंडाला धरून जिन्याकडे नेले. खाली गाडीला किक मारल्याचा आवाज आला आणि तो गर्दीत विरून गेला.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. आतल्या वर्गातली मुले श्वास रोखून दारातून पाहत होती.

"दत्तूला फोन लावा," सर म्हणाले. "त्याची मोटार मामांच्या वाड्याजवळ आहे."

दत्तूचा फोन लागला. मी जिवाच्या आकांताने सांगू लागले, पण पलीकडून "हालो... कोन... हालो..." एवढेच ऐकू आले आणि फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला.

"पात्रात आवाज जात नाही," मी म्हणाले. माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येत नव्हता.

"जिथे आवाज जात नाही तिथे कधी कधी मेसेज जातो. तुम्ही बाकीच्यांना फोन लावत राहा."

त्यांनी ओळींचा शेवट बदलला, फाइल जतन केली, आणि मग जे केले ते पाहून मला ओरडावेसे वाटले. त्यांनी फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. खुणा पाहिल्या. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबले आहे का, ते पाहिले. घड्याळाचा काटा तीनकडे सरकत होता आणि हा माणूस जतन झालेली फाइल जतन झाली आहे का, हे तपासत होता.

"सर, पाठवा ना!"

"चुकीचा मेसेज दुसऱ्यांदा पाठवायला आता वेळ नाही, बाई."

त्यांनी बटण दाबले. टेबलावरचा मामांचा मोबाइल थरथरत वाजला. पाठोपाठ मी ज्याच्याशी बोलत होते तो शेतकरी म्हणाला, "आला, मॅडम, आत्ताच आला." दत्तूकडून मात्र काहीही कळेना. त्याला लावलेला प्रत्येक फोन तुटत होता.

तीन वाजून गेले. सर हात मांडीवर ठेवून बसून होते.  मी पुन्हा दत्तूचा क्रमांक लावला.

अखेर अण्णांचा फोन आला. मागे पाण्याचा घोष होता.

"सर, वर हाय! गोदाक्का वर हाय!"

मेसेज पाहून दत्तू आपली मोटार वर ओढू लागला होता. पलीकडे वाघर दिसताच तो हाका मारत धावत सुटला. गोदाक्काने दोन्ही काखांत कोकरे घेतली, दत्तूने मेंढ्या काठावर हाकलल्या. वाघर, अंथरुणे आणि पिठाचा डबा पाण्याने नेला. नुकतीच व्यालेली एक मेंढी उठलीच नाही. ती पाण्यात गेली. मामा आणि अण्णा काठावर पोचले, तेव्हा पात्र वाहत होते.

सरांनी फोन खाली ठेवला नाही. "गोदाक्कांचा आवाज ऐकवा," ते म्हणाले. पलीकडून रडका, चिडका बाईचा आवाज आला, "हाय मी, हाय. कोन म्हनावं?" तेव्हा कुठे सरांनी फोन ठेवला, उठून ते खिडकीशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते खाली मान घालून.

"जुनी यादी उघडूनच बदल करायचा, असं तुमी सांगितलं न्हवतं, सर. नव्या कम्प्युटरवर म्या हौसेनं समदी नवी टाइप केली. आन् माझा वाजला म्हनून वाटलं, समद्यांचा वाजला."

"तुमचे नाव शेवटी का घातले होते?" मी विचारले.

अण्णा गोंधळून पाहू लागले, जणू मी भलतेच काही विचारले होते. "मग कुठं घालू, मॅडम? पत्रिकेत बी घरच्यांची नावं खालीच असत्यात. पंगतीत बी घरधनी शेवटी बसतो. सोताचं नाव दुसऱ्यांच्या वर कसं घालावं?"

जुनी फाइल उघडून बदलली असती, तर एडिटरने तिचे जुने शेवट जपले असते. नव्या फाइलीला त्याने आपल्या सवयीचे शेवट दिले. मग अण्णांनी रीतीप्रमाणे स्वतःला तळाशी लिहिले, आणि ज्या एकाच जागी चूक पोचू शकत नव्हती त्या जागेवरून त्यांनी सगळ्या कामाची परीक्षा केली.

"तुमची चूक निम्मी आहे, अण्णा," सर म्हणाले. "टाकून दिलेले क्रमांक दाखवायला मी प्रोग्रामला शिकवलेच नव्हते. तो गप्प राहिला, कारण मी त्याला गप्प ठेवला होता. आणि तुमच्या जुन्या संगणकावर ओळीच्या शेवटाचा नियम मी स्वतः लावून दिला. तो कशासाठी आहे, ते तुम्हाला सांगितले नाही."

त्यानंतर त्यांनी तीन बदल केले. प्रोग्राम जास्तीची खूण स्वतःच काढून टाकू लागला. नाकारलेला प्रत्येक क्रमांक तो पडद्यावर लाल अक्षरांत दाखवू लागला. आणि यादीच्या फोल्डरमध्येच त्यांनी नियमांची एक छोटी फाइल ठेवली: ओळीचा शेवट कोणता असावा आणि शेवटची ओळ पूर्ण असावी, एवढेच तिच्यात लिहिलेले होते. जे एडिटर अशी फाइल वाचतात ते ती पाळतात, मग संगणक कुणाचाही असो. अण्णांचा एडिटर ती वाचतो की नाही, हे सरांनी त्यांच्या कार्यालयात जाऊन स्वतः पाहिले.

बिरूमामा मात्र बरेच बाजार आमच्याकडे फिरकले नाहीत. खालच्या दुकानात मोबाइल चार्जिंगला लावून ते निघून जात. जिन्याखाली सर भेटले तरी मान वळवत. मला हा अन्याय वाटे. मी एकदा सरांना तसे म्हणालेही. सर म्हणाले, "त्यांची बायको पात्रात होती आणि मी खुर्चीत होतो. त्यांना एवढेच दिसले. जे दिसले ते खोटे नाही."

मग एका बाजारच्या दिवशी मामा वर आले. त्यांनी राम राम केला नाही. सरळ कोपऱ्यातल्या संगणकापाशी जाऊन उभे राहिले.

"दावा मला. काय व्हतं त्ये."

सरांनी अण्णांच्या पेन ड्राइव्हवरून जपून ठेवलेली मूळ फाइल उघडली आणि मामांच्या नावापुढच्या क्रमांकाला चिकटलेल्या खुणेवर बोट ठेवले. मामांनी डोळे बारीक करून पाहिले.

"ह्येवढं?"

"एवढंच."

"ह्येवढ्यापायी माझी मेंढी गेली. गोदी बी गेली असती." मामा म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक नवा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी काढली. "गोदीला फोन घेतलाय. तिचं नाव घाला. माझ्या आधी घाला."

सरांनी नाव घातले आणि फाइल जतन केली. "आता—" असे म्हणून ते पुढे काही सांगणार, तोच मामांनी हात वर केला.

"दम धरा. पाठवा तिला. आत्ता, माझ्यासमूर."

सरांनी मेसेज पाठवला. मामांनी आपला मोबाइल कानाला लावला. "गोदे, वाजला का? काय वाजलं? तुजा फोन वाजला का शेजारनीचा? नीट बघून सांग. मी हाय लायनीवर."

गोदाक्काने पाहिले. मामांनी ऐकले. फोन खिशात ठेवून ते सरांशी एक शब्दही न बोलता जिना उतरून गेले. सर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले समाधान होते.

आरंभीच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर असे: न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दुसऱ्याला वेठीस धरायचे, तर ती गोष्ट आधी त्याला दाखवली पाहिजे. सर विद्यार्थ्यांना दाखवत होते, अण्णांना दाखवायचे विसरले. चौसाळ्याच्या मुलीचा विचार केला की हे उत्तर मला अजूनही अपुरे वाटते.

वाचकांना एक साधी विनंती आहे. ओळींच्या शेवटाविषयी इथे लिहिलेले माझ्या शब्दावर मानू नका. तुमच्या संगणकावरची एखादी मजकुराची फाइल एडिटरमध्ये उघडा. बहुतेक एडिटरांच्या खालच्या पट्टीत सीआर-एलएफ, म्हणजे दोन्ही खुणा, किंवा एलएफ, म्हणजे एकच, असे लिहिलेले असते, ते वाचा. शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे का, ते पाहा. आणि ती फाइल ज्यांच्यासाठी असेल त्यांच्यापैकी मधल्याच कुणाला तरी विचारा, पोचले का म्हणून. माझे काही चुकले असेल, तर ते तुम्हाला तिथेच दिसेल.